न्हाणीतील काच आणि पाषाण : एका जडावकामाचा शब्देतिहास

गेल्या काही वर्षांत भंडारा जिल्ह्यातील शहरांतून आणि मोठ्या गावांतून जी नवी घरे उभी राहिली, त्यांच्या स्नानगृहांत एक नवे जडावकाम दिसू लागले आहे. काचेचे व नैसर्गिक दगडाचे लहान चौकोनी किंवा लांबट तुकडे जाळीवर एकत्र चिकटवून केलेली, सुमारे एक फूट लांबीरुंदीची पत्रे बाजारात मिळतात. शॉवरच्या भिंतीवर ती आडव्या पट्टीसारखी किंवा सलग बसविली जातात. विक्रेते व गवंडी ह्या वस्तूला ‘मोझेक’ म्हणतात. हे नाव तिला मूळ अर्थाने शोभते, पण मराठीत त्या शब्दाला गेल्या शंभर वर्षांत जो अर्थ चिकटला आहे त्या अर्थाने मुळीच शोभत नाही. ह्या विसंगतीचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु शब्दाबरोबर त्याच्या वापराच्या सवयीही एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर जातात, आणि येथे त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान होत आहे.

प्रथम आपल्याकडील शब्दसंपत्तीचा विचार करू. स्नानाच्या जागेला मराठीत दोन जुने शब्द आहेत : न्हाणी आणि मोरी. संस्कृत ‘स्नान’, प्राकृत ‘ण्हाण’, मराठी ‘न्हाण’ ही परंपरा सर्वपरिचित आहे. झाडीबोलीत ण, श, ळ हे वर्ण नसल्यामुळे भंडाऱ्याकडील खेड्यांत हाच शब्द ‘न्हानी’ असा ऐकू येतो, आणि फरशीची ‘फरसी’ होते. ‘मोरी’ हा शब्द फारसीतून आला असून त्याचा अर्थ सांडपाण्याची वाट असा आहे. म्हणजे ज्या वाटेने पाणी निघून जाते तिचेच नाव जेथे पाणी अंगावर घेतले जाते त्या जागेला मिळाले. ‘फरशी’ हाही शब्द अरबी-फारसी ‘फर्श’वरून, पसरलेले किंवा अंथरलेले ह्या अर्थाने आला. ह्या सर्व शब्दांचा रोख खाली आहे. जमीन, निचरा, पायाखालची शिळा यांना नावे आहेत. न्हाणीच्या भिंतीसाठी मात्र मराठीत एकही स्वतंत्र शब्द नाही.

ह्याचे कारण स्नानाच्या पद्धतीत आहे. घंगाळात पाणी काढून, पाटावर किंवा शिळेवर बसून तांब्याने अंगावर घेतले, की ते सरळ खाली पडते. भिंतीला थोडे शिंतोडे लागतात, तेही गुडघाभर उंचीपर्यंत. जुन्या घरांत अंगणाच्या कडेला एक मोठी सपाट शिळा, तिच्या एका बाजूस उतार आणि भोवती कुडाचा किंवा मातीच्या भिंतीचा आडोसा एवढ्याने न्हाणी पुरी होत असे. पाणी ज्या ठिकाणी पडते त्या ठिकाणी दगड हवा, बाकी कशाचीही निकड नव्हती. भंडाऱ्यात न्हाणीतील दुसरे महत्त्वाचे द्रव्य होते ते पितळ. येथील पितळेच्या भांड्यांचा व्यवसाय इतका प्रसिद्ध, की गावाच्या नावाची व्युत्पत्तीही लोक ‘भाणे’ म्हणजे भांडे ह्या शब्दाशी जोडतात. रतनपूरच्या जाजल्लदेवाच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात ‘भाणार’ असे रूप आढळते. तेवढ्यावरून पितळेचा धंदा त्या काळापर्यंत मागे नेण्याचा मोह मात्र आवरलेला बरा.

आता काचेकडे वळू. विदर्भात काच नवी नाही. येथील प्राचीन वसतिस्थानांच्या उत्खननांत काचेचे मणी आणि अकीक, कार्नेलियन इत्यादी दगडांचे मणी एकमेकांच्या सोबतीने मिळतात. नागपूरजवळील माहुरझरी हे तर दगडी मण्यांच्या कारागिरीचे ख्यातनाम केंद्र होते. ह्या क्षेत्रातील संशोधनास डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचे भारतीय काचेच्या इतिहासावरील पुस्तक (१९६९) आजही आधारभूत आहे. त्याच सुमारास, १९६९-७० मध्ये, डॉ. शां. भा. देव व श्री. ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे उत्खनन होऊन तेथील स्तूपांचे अवशेष उजेडात आले. दगड घडविण्याची परंपरा ह्या भूमीत दोन हजार वर्षांपूर्वी किती पक्व होती, हे त्या स्तूपांच्या कठड्यांच्या कोरीव स्तंभांवरून कळते. म्हणजे काच आणि पाषाण ही दोन्ही द्रव्ये येथे एकत्र नांदली ती दोऱ्यात, गळ्यात. ‘मणी’ हा शब्दच त्याची साक्ष देतो. संस्कृतात ‘मणि’ म्हणजे रत्न. मराठीत मात्र मणी कशाचाही असू शकतो, आणि मंगळसूत्रातील काळे मणी तर काचेचेच असतात. काच हलकी आणि रत्न श्रेष्ठ हा सुभाषितकारांचा लाडका भेद लोकभाषेने केव्हाच पुसून टाकला.

‘बिलोरी’ शब्दाची कथा ह्याहून लांबच्या प्रवासाची आहे. पाली-प्राकृतातील ‘वेळुरिय’, संस्कृत ‘वैडूर्य’, हे एका दगडाचे नाव. ते ग्रीकांनी ‘बेरुल्लोस’ म्हणून उचलले. अरबी-फारसीतील ‘बिल्लौर’ त्याच मुळाचे असावे असा बहुतेक कोशकारांचा कल आहे. तेथून ते ‘बिलोर’ होऊन परत आपल्याकडे आले तेव्हा त्याचा अर्थ स्फटिक असा होता, आणि पुढे ‘बिलोरी आरसा’, ‘बिलोरी हंडी’ ह्या प्रयोगांत ते शुद्ध काचेचे विशेषण झाले. दगडाच्या नावाने काचेचा गौरव झाला असेच म्हटले पाहिजे. काचेच्या बांगड्या विकणाऱ्याला आपण ‘कासार’ म्हणतो, आणि ‘कासार’ म्हणजे मुळात कांस्यकार. येथे काचेने धातूचे नाव घेतले. काचेला स्वतःचे नाव असूनही तिच्याभोवतीचा व्यवहार नेहमी उसन्या शब्दांवर चालला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

काच आणि दगड न्हाणीत एकत्र आले ते अन्यत्र, आणि ह्या विषयाचा जुना लेखी पुरावा रोमन वाङ्मयात आहे. प्लिनी (मृत्यू इ. स. ७९) आपल्या निसर्गेतिहासाच्या छत्तिसाव्या खंडात सांगतो, की जडावाची जमीन पुढे जमिनीवरून उठून छताच्या कमानीवर गेली आणि तेथे ती काचेची झाली, हा शोध अलीकडचा आहे. त्याला तो जे प्रमाण देतो ते मोठे मार्मिक आहे. अग्रिप्पाने रोममध्ये जी सार्वजनिक स्नानगृहे बांधली (इसवी सनापूर्वीच्या शतकाच्या अखेरीस), त्यांतील उष्ण दालनांत त्याने भाजलेल्या मातीवर रंगकाम केले आणि बाकीच्या भागास चुन्याचा लेप दिला. काचेचे छत करण्याची युक्ती त्या वेळी निघाली असती, तर अग्रिप्पाने ती खचित वापरली असती. प्लिनीच्या आधी थोड्याच वर्षांपूर्वी सेनेकाने एका पत्रात जुन्या काळच्या स्किपिओच्या काळोख्या, साध्या स्नानगृहाची तुलना आपल्या काळच्या स्नानगृहांशी केली. भिंतीवर दूरदेशीचे दोन प्रकारचे संगमरवर एकमेकांना उठाव देत नसतील आणि छत काचेखाली झाकले गेले नसेल, तर आजकाल माणसाला आपण दरिद्री आहोत असे वाटते, हा त्याचा आक्षेप. म्हणजे पहिल्या शतकाच्या मध्यापर्यंत काच व दगड यांची न्हाणीतील जोडी इतकी रूढ झाली होती की नीतिवाद्यांच्या टीकेस ती पात्र ठरली. सेनेकाचे ते पत्र वाचताना आजच्या गृहसजावटीच्या जाहिरातींची आठवण झाल्याखेरीज राहत नाही.

ह्या जोडीत मात्र एक शिस्त होती. दगड खाली आणि काच वर. रोममधील काराकाल्लाच्या स्नानगृहांत (उद्घाटन इ. स. २१६) जमिनी दगडी तुकड्यांच्या आणि काचेचे जडावकाम छतावर, अशीच वाटणी होती. कारण उघड आहे. पायाखाली काच झिजते, घसरते. वाफेने सतत ओलसर राहणाऱ्या कमानीवर मात्र काच पाणी पीत नाही, रंग सोडत नाही आणि दिव्याच्या प्रकाशात चमकते. ही वाटणी भाषेतही उतरली होती. सम्राट डायोक्लिशनने इ. स. ३०१ मध्ये जी कमाल किमतींची व वेतनांची आज्ञा काढली, तीत ‘मुसेआरिउस’ आणि ‘तेस्सेल्लारिउस’ असे दोन वेगळे कारागीर नोंदले आहेत. पहिल्याला दिवसाला ६० देनारी, दुसऱ्याला ५०. पहिला भिंती-छतांवर जडाव करणारा आणि दुसरा जमिनीवर, असा ह्या शब्दांचा अर्थ सामान्यतः घेतला जातो. दोन द्रव्ये, दोन जागा, दोन नावे आणि दोन दर अशी ही व्यवस्था होती.

‘मोझेक’ हा शब्द ह्यांपैकी पहिल्याच्या घराण्यातला आहे. त्याचे मूळ ‘मूसा’ म्हणजे कलादेवतांच्या नावात. प्लिनीच्याच ग्रंथात ‘मुसेउम’ म्हणजे सच्छिद्र दगड टांगून केलेली कृत्रिम गुहा असा अर्थ येतो. अशा गुहा व कारंजी उद्यानांत असत आणि त्यांच्या कोनाड्यांवर शिंपले, दगड व काचेचे तुकडे लावीत. पाँपेई येथे अशी काचजडावाची कारंजी आजही पाहावयास मिळतात. तात्पर्य, ज्या शब्दाचा जन्म पाण्याच्या कडेला, उभ्या पृष्ठावर आणि काचेच्या सहवासात झाला, तो शब्द हा होय.

भारतातही काच व पाषाण यांच्या स्नानगृहातील जोडीचे एक उत्तम उदाहरण आहे. आग्रा किल्ल्यातील शीशमहाल शाहजहानने १६३१ ते १६४० ह्या काळात बांधविला. भिंती व छत यांवर लहान लहान आरशांच्या तुकड्यांचे जडावकाम, खाली दगडी हौद, पाट व कारंजे. त्याचा उपयोग हमाम म्हणून होत असे. रोमन परंपरेशी ह्या वास्तूचा थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. तरीही दगड खाली, काच वर हीच वाटणी येथे पुन्हा दिसते. द्रव्यांचे गुणधर्म दोन्हीकडे तेच होते, एवढे त्याचे स्पष्टीकरण पुरेसे आहे. ‘हमाम’ शब्द अरबीतील उष्णतेच्या धातूपासून आला आहे. वाफेचे स्नानगृह म्हटले की भिंत आणि छत ह्यांचा विचार करावाच लागतो. तांब्याने न्हाणाऱ्या मराठी घराला तो करावा लागला नाही.

आता ‘मोझेक’ मराठीत कसा आला ते पाहू. फेरोजशा सिधवा व रुस्तम सिधवा यांनी १९२२ मध्ये स्वदेशीच्या प्रेरणेने उरण येथे सिमेंटच्या फरश्यांचा कारखाना काढला. सिमेंटमध्ये संगमरवराचे बारीक तुकडे मिसळून, ओतून, घासून गुळगुळीत केलेली जमीन इटलीत ‘तेर्रात्सो’ म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे तिलाच ‘मोझेक’ हे नाव पडले आणि मुंबईपासून नागपूर-भंडाऱ्यापर्यंत तेच रूढ झाले. स्वातंत्र्योत्तर काळात ज्या पिढीने सिमेंटची घरे बांधली, त्या पिढीला ‘मोझेक’ म्हणजे ठिपक्याठिपक्यांची फरशी एवढेच ठाऊक होते. भिंतीवरील काचेचा शब्द अशा रीतीने जमिनीवर उतरला, आणि उतरताना काच गमावून बसला. गच्चीवर उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून चिनीमातीचे फुटके तुकडे बसवितात, त्याला ‘चायना मोझेक’ म्हणतात. तेथेही तो आडव्या पृष्ठाचाच शब्द राहिला.

ह्या संदर्भात एक भाषिक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. संस्कृतात बांधीव जमिनीला ‘कुट्टिम’ म्हणतात. अमरकोशात तो शब्द ह्याच अर्थाने आहे, आणि त्याचे मूळ कुटणे ह्या क्रियेत आहे. मराठीत चुन्याच्या ठोकून केलेल्या जमिनीला ‘कोबा’ म्हणतात. तो फारसीतील ठोकणे ह्या अर्थाच्या ‘कोबीदन’ धातूशी संबद्ध आहे. लॅटिनमधील ‘पाविमेंतुम’ हा जमिनीचा शब्दही ‘पाविरे’ म्हणजे ठोकणे ह्या धातूपासून झाला आहे. तिन्ही भाषांनी जमिनीला धुम्मसाच्या आवाजावरून नाव दिले. मराठी विश्वकोशाने मोझेकसाठी ‘कुट्टिमचित्रण’ हा पर्याय स्वीकारला तो विद्वत्तेच्या दृष्टीने निर्दोष आहे. तथापि काचेचा तुकडा भिंतीवर हलक्या हाताने दाबून बसविणाऱ्या कारागिराच्या कृतीत कुटण्याचे काहीही नाही, आणि तसे त्याने केले तर काच शिल्लक राहणार नाही.

वापराच्या ज्या सवयींचा आरंभी निर्देश केला, त्यांचा विचार येथे येतो. जुन्या अर्थाच्या मोझेकच्या मागे गवंड्याच्या मनात एक कृतिक्रम असतो. बसवा, सिमेंट भरा, यंत्राने घासा, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडने चमक आणा. घरधनिणीच्या मनातही एक कृतिक्रम असतो : न्हाणीत पांढरे डाग पडले की बाजारातले ॲसिड ओतून खराट्याने घासावे. चकचकीत चिनी फरशीवर तो बराचसा खपून जातो. काच व संगमरवर यांच्या मिश्र जडावावर मात्र हे दोन्ही क्रम घातक आहेत. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट; हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच त्यावर फेस येतो आणि तकाकी जाते. शेजारच्या काचेला त्या आम्लाचे काहीच होत नाही. उलट घासणीतील वाळूने काचेवर ओरखडे उठतात. त्यामुळे काही महिन्यांतच एक तुकडा झगझगीत व शेजारचा खडबडीत, असे रूप येते. भंडाऱ्यातील एका नव्या घरात प्रस्तुत लेखकाने हे पाहिले आहे. घरमालकाचा समज असा, की दगड हलक्या प्रतीचा निघाला.

बसविण्याच्या पद्धतीतही हेच. काच पारदर्शक असल्यामुळे तिच्यामागील लेप पांढरा व सारखा असावा लागतो. करड्या सिमेंटवर थापीच्या दातांच्या रेघा राहिल्या तर त्या काचेतून कायम दिसत राहतात. दगडाचे तसे नाही. दगड पाणी पितो, म्हणून सांधे भरण्यापूर्वी त्यावर रक्षक द्रव चढवावा लागतो, नाहीतर सांध्याचा रंग दगडात उतरतो. काचेला त्याची गरज नसते. काचेची व दगडाची जाडी अनेकदा सारखी नसते, म्हणून पृष्ठ एका पातळीत आणण्यासाठी मागील लेप कमीअधिक करावा लागतो. अरुंद सांध्यांत वाळूविरहित द्रव्य भरावे लागते. आणि भिंतीत पाणी न मुरण्याची हमी काच किंवा दगड देत नाहीत. सांध्यांतून पाणी आत जातेच, म्हणून त्या दोहोंमागे भिंतीवरच जलरोधक थर द्यावा लागतो. ह्यांतील एकही गोष्ट फरशी-मोझेकच्या अनुभवावरून सुचण्यासारखी नाही. शॉवर आल्यावर भिंत प्रथमच डोक्यापर्यंत भिजू लागली; तिच्यासाठी अनुभव नव्हता, तसा शब्दही नव्हता.

येथे एका स्थानिक गोष्टीचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीज डायऑक्साइड थोड्या प्रमाणात घातल्यास काचेतील लोहामुळे आलेली हिरवट झाक नाहीशी होते. प्रमाण वाढविल्यास काच जांभळी होते. ही युक्ती रोमन कारागिरांनाही माहीत होती. तसेच जिल्ह्यात सापडणारी कायनाइट व सिलिमनाइट ही खनिजे उष्णतारोधक विटांसाठी वापरतात, आणि तशा विटांवाचून काचेची भट्टी चालत नाही. भंडाऱ्याच्या दगडाचे काचेशी नाते आहे ते असे, पृष्ठभागाखालचे. न्हाणीच्या भिंतीवर जे दोन पदार्थ परके म्हणून शेजारी बसतात, त्यांपैकी वाळूच्या दगडाचे व काचेचे मुख्य द्रव्य तर एकच, सिलिका.

नव्या वस्तूला नवे नाव द्यावे काय, हा प्रश्न पदव्युत्तर वर्गात विचारला जातो. आमच्या मते पारिभाषिक समितीने नाव घडवून ते गवंड्यांच्या तोंडी बसेल ही अपेक्षा व्यर्थ आहे. कारागीर स्वतः काय म्हणतात हे नोंदविणे अधिक उपयुक्त. झाडीबोलीच्या शब्दसंग्रहाचे जे कार्य साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी केले, त्यात शेती, जंगल व घर यांचे शब्द विपुल आहेत. बांधकामाच्या नव्या शब्दांची तशी नोंद विद्यार्थ्यांना हाती घेता येईल. आम्हांस जे शब्द ऐकावयास मिळाले ते थोडे आहेत. सबंध पत्र्याला ‘शीट’, आडव्या ओळीला ‘पट्टी’, तुकड्याला ‘गोटी’ किंवा नुसते ‘पीस’. ‘काच-फरसी’ हा सामासिक शब्द दोन-तीन वेळा कानी आला, आणि त्यात दोन्ही द्रव्ये असूनही दगडाचा निर्देश ‘फरसी’ ह्या शब्दातच गृहीत धरलेला होता.

ह्या सर्वांत एकच शब्द जुना, आणि तो भिंतीचा आहे. दोन तुकड्यांमधील सांध्याला गवंडी आजही ‘दर्ज’ म्हणतो, ‘दर्जा भरल्या’ असे सांगतो. फारसीत ‘दर्ज’ म्हणजे शिवण. कापड शिवणारा तो ‘दर्जी’, ह्याच शब्दाचा. विटांच्या व दगडांच्या भिंतींसाठी आलेला हा शब्द काच आणि पाषाण यांच्यामधल्या रेघेला काहीही बदल न करता लागू पडला आहे.